मावळतीकडची गोफण

"आत्याबाई, तुमच्या पाया पडते, ती गोफण खुंटीवरून काढू नका!"

अकरा वर्षांत जयवंताबाईचा आवाज त्या घरात एवढा कधी चढला नव्हता. ओसरीवर दावं वळत बसलेला तिचा दीर उद्धव दचकून वर पाहू लागला... आणि ती? डाव्या हातानं चौकट घट्ट धरून ती उभी होती, उजवा हात नेहमीसारखा पदराखाली लोंबत होता.

तिची सासू कौशल्याबाई! साठी उलटलेली, पण कणा अजून ताठ. म्हातारीनं गोफण खाली काढली, धुळीचा लोट उडाला, आणि अंबाडीच्या दोऱ्या तिनं दोन्ही हातांनी ताणून पाहिल्या. अकरा वर्षं खुंटीला टांगलेली गोफण, उंदरांनी कधीच कुरतडून टाकायची. पण दोरी जणू कालच वळलेली!

"मंग राखणीले कोण जाईन? तू जाशीन? तुह्या त्या वाळक्या हातानं?" म्हातारी कडाडली. "पाचवा राखणदार पळाला आज! जवारी चिकात आली, आठ दिवसांत पाखरं कणसात दाणा ठेवत नाहीत."

"उद्या मी जातो ना, माय," उद्धव पुटपुटला. "आज कापूस येचाले बाया आल्या..."

"उद्यापर्यंत पाखरं काय उपास धरतीन?"

"राखणदार उगाच पळत नाहीत, आत्याबाई," जयवंता काकुळतीनं म्हणाली. "त्या वावरात..."

"काय हाये त्या वावरात ते तूच सांग ना! तूच तं आणून ठेवलं तिथं!"

या एका वाक्यावर जयवंता अकरा वर्षं गप्पच होत आली होती.

जैनथच्या खालच्या अंगाला, पैनगंगेच्या काठी ते गाव. नदीपल्याड इंग्रजाचं वऱ्हाड, अल्याड निजामाचं राज्य. माणसांनी हद्दी पाळाव्यात, पाखरं कुठली पाळायला! सकाळी तिकडचं खाऊन दुपारी इकडं हजर. म्हणून गावातल्या बायका गोफणीत पटाईत, आणि साऱ्यांत पटाईत कौशल्याबाई. नऊ वर्षांची, आई नसलेली जयवंता सून म्हणून घरात आली, तेव्हा सासूनं तिला आधी पदराखाली घेतलं आणि मग मचाणावर. "खांद्यातून फिरव, माय, अन् मनगटातून सोड," असं पाठीवरून हात फिरवत शिकवलं. पुढं वावरात दोन मचाणं झाली. मावळतीचं सासूचं, उगवतीचं सुनेचं. मधे पुरुषभर उंचीची ज्वारी, आत हत्ती शिरला तरी दिसू नये अशी दाट!

त्या दाट ज्वारीत, अकरा वर्षांपूर्वीच्या कार्तिकात, भर बाराच्या ठोक्याला माणिकराव पडला... कौशल्याबाईचा थोरला लेक, जयवंताचा नवरा. कानशिलावर गोफणीतला गुंडा, मुठीएवढा दगड, बसला होता. आदिलाबादहून पोलीस अमीनसाहेब घोड्यावरून आले, उर्दूत कागद केला, 'इत्तेफाकी मौत', म्हणजे अपघाती मृत्यू, असं लिहून निघून गेले. कागदाचं समाधान झालं. गावाचं कसं व्हावं? सगळ्यांनी जयवंताच्याच तोंडून ऐकलं होतं, "गुंडा माझा होता." आणि त्या दिवसापासून तिचा उजवा हात वर उठेना. मग काय, लोकांना तेवढंच हवं होतं! माणिकनं जाताना बायकोचा हात धरला तो सोडलाच नाही, असं बायका पाणवठ्यावर कुजबुजू लागल्या. ज्या उद्धवला तिनं लहानपणी घास भरवले, तो तिला 'वैनी' म्हणायचा विसरला. हात डोक्याशी जात नाही म्हणून तिला खोपासुद्धा घालता येईना. डाव्या हातानं केस कसेबसे मानेशी गुंडाळायची, ते सुटायचे, आणि त्या मोकळ्या केसांनी ती पहाटे अंगणात दिसली की आल्यागेल्याच्या काळजात चर्र व्हायचं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं! पण दर वर्षी ज्वारी चिकात आली, की दुपारी बाराच्या सुमाराला, मचाणावर चिटपाखरू नसताना, गोफण फिरल्याचा आवाज यायचा. सन्‌... सन्‌... सन्‌... आणि मग फट्ट! गुंडा कुठं पडल्याचं मात्र कधी ऐकू यायचं नाही. माणिकराव पडला तेवढ्या चार हातांच्या तुकड्यावर तर एक पाखरू उतरत नसे. बाकी वावर चिमण्या फस्त करत, आणि मधली कणसं दाण्यांनी वाकून तशीच उभी राहत. सोंगणीला मजूर तिथं विळा घालत नसत.

आवाज झाला की कौशल्याबाई सुनेकडं बोट करायची. "आयकलं? उगवतीकडून आला! तुह्याच मचाणावरून!"

"हो, आत्याबाई. उगवतीकडूनच," जयवंता मान खाली घालून म्हणायची.

खोटं बोलायची ती! धडधडीत खोटं. आवाज मावळतीकडून येत होता, आणि हे तिला पहिल्या वर्षापासून कळलं होतं.

काय घडलं होतं त्या दिवशी? सकाळपासून जयवंतानं एकही गुंडा सोडला नव्हता. पहिल्याच फेऱ्याला उजव्या खांद्यात 'कट्' झालं, हाडाचा गोळा वाटीतून निसटला, आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. तशी ती मचाणावर पडून राहिली, कण्हत राहिली. आत्याबाईंना हाक मारावी तर त्या आपलं मचाण सोडून धावत येतील, पाखरं वावर लुटतील... म्हणून दात आवळून तिनं दुपार केली. शेवटी सोसवेना, तेव्हा शेजारच्या कापसात असलेल्या नवऱ्याला ओरडून हाक मारली, "अहो, या हो! माझा खांदा गेला!" तो धावत आला, ज्वारीतून वाट काढत आला. तिकडं मावळतीच्या मचाणावर आईला फक्त ज्वारी हललेली दिसली. रानडुकरांचा त्या साली सुळसुळाट होता...

जयवंता कशी खाली उतरली, कशी पोचली, देव जाणे. माणिकरावाला अजून धुगधुगी होती. गुंडा कुठून आला ते त्यानं पाहिलं होतं. तिच्या डाव्या हातात त्यानं डोकं टेकलं आणि तो एवढंच म्हणाला, "आईले सांगू नको."

पलीकडून ज्वारी बाजूला सारत कौशल्याबाई आली. लेकाकडं पाहिलं. सुनेकडं पाहिलं. तिच्या तोंडून रडणं फुटलं नाही, प्रश्न फुटला, "तुहा का माहा?"

"माझा, आत्याबाई... माझाच!"

ओट्यातले न वापरलेले गुंडे तिनं माणसं जमायच्या आत मातीत सांडले. आणि खांदा? खांदा दाखवता येत नव्हता! निखळल्या खांद्यानं गोफण फिरत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. कोणी हाडवैद्य बोलावला, त्यानं विचारलं, "केव्हा सुटला?", की एका आईला कळणार होतं की आपण पोटच्या गोळ्याला... नाही, नाही! त्याच संध्याकाळी ती पैनगंगेत उतरली असती. म्हणून त्या सुटल्या खांद्यावर जयवंतानं पदर ओढला तो ओढलाच. ताप आला, हात सुजला, महिनाभर तिनं उशी दातांत धरून दिवस काढले, आणि लोक म्हणत राहिले, पापाचा हात वाळला. तिलाही वाटायचं, मी हाक मारली नसती तर! मग हे खोटं तरी कुठं पुरतं खोटं आहे?

आणि आज तीच बाई तीच गोफण घेऊन त्याच मचाणाकडं निघाली होती!

जयवंता मागोमाग धावली. वावराच्या बांधावर, धुऱ्यावर पोचते तो कौशल्याबाई मावळतीच्या मचाणावर चढलेली. ऊन डोक्यावर, वारा पडलेला, ज्वारीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"आत्याबाई, बाराची वेळ झाली! उतरा खाली!"

"माह्या मचाणावर मले कायचं भेव?"

नदीकडून राघूंचा थवा आला. म्हातारीनं गुंडा घातला, हात उचलला. पहिला फेरा, दुसरा फेरा... तिसऱ्या फेऱ्याला गोफण वरच्या वर थांबली! दोऱ्या ताणल्या गेल्या, सरळ, मागच्या बाजूला. पाठीमागं उभं राहून कुणी गोफणीचा झोळा मुठीत धरावा तशा. मागं तर नुसतं आभाळ होतं.

"सोड! कोण हाये रे... सोड म्हणते ना!"

'कट्' असा आवाज झाला. जयवंताला तो आवाज ओळखायला क्षणही लागला नाही. तिचा स्वतःचा खांदा त्याच क्षणी कळवळून उठला. म्हातारी किंचाळून फळीवर कोसळली, गोफण तिच्या मुठीतच होती, गुंडा झोळ्यातच होता... आणि तरीही त्या रिकाम्या आभाळात फट्ट झालं!

एका हातानं जयवंता कशी वर चढली, सासूला पाठीवर घेऊन कशी उतरली, हे पुढं कापूस वेचणाऱ्या बायका वर्षानुवर्षं सांगत.

नशीब एवढंच, की जैनथची जत्रा भरलेली आणि इचोड्याचा फकिरा तिथं आलेला. फकिरा म्हणजे तालमीतला जुना गडी. कुस्तीत निखळलेली हाडं बसवता बसवता हाडवैद्य झालेला. उद्धव त्याला बैलगाडीत घालून दिवस मावळायच्या आत घेऊन आला.

"वाटीतून गोळा सुटला, मायबाई," फकिरा म्हणाला. "दात आवळा. अन् बाई, तुमी हा पंचा काखेतून घाला, दोन्ही हातांनी आपल्याकडं वढा."

जयवंतानं पंचा डाव्या हातानं ओढला.

"उजवा लावा ना, बाई! एका हातानं काय होते?"

काय करावं! तिनं उजवा लावायचा प्रयत्न केला, हात कमरेच्या वर गेला नाही. पण त्या झटापटीत पदर घसरला. फकिरानं एकदा तिकडं पाहिलं, काही न बोलता आधी हातातलं काम पुरं केलं. टाच रोवली, हात ओढला, किंचित वळवला, 'कट्' झालं आणि म्हातारीनं सुस्कारा सोडला.

"झालं. आता दीड महिना झोळी. गोफणीचं तं नावच नको. सुटल्या खांद्यानं माणसाले तोंडावरची माशी हाकलता येत नाही." मग तो जयवंताकडं वळला. "अन् बाई, तुमचा हात वाळला म्हणते गाव? कोण म्हणते? हा तं सुटलेला खांदा हाये! वाटी रिकामी, गोळा खाली. त्याच दिवशी आणला असता तं घडीभराचं काम होतं. आता हाडानं तिथंच घर केलं, आता देव आला तरी बसत नाही. कवा सुटला?"

ज्या एका प्रश्नासाठी तिनं अकरा वर्षं खांदा झाकला होता, तो प्रश्न समोर येऊन बसला होता, आणि सासू तिच्या तोंडाकडं एकटक पाहत होती.

"मालक गेल्यावर... दुसऱ्या साली," जयवंता म्हणाली. "घागर उचलताना."

"अन् आल्या काऊन नाही?"

"भेव वाटलं."

"भेव! अवो, या दुखण्यात पैलवान गडी माती खात लोळते. अन् तुमी अशा हातानं घर चालवून राह्यल्या?" फकिरा मान हलवत उठला.

फकिराला घेऊन गड्यानं हाकलेली गाडी लांब गेली तसा उद्धव कसासाच उभा राहिला. त्या दिवशी तो सोळा वर्षांचा होता आणि वावरात आईच्या पाठोपाठ, बाकी सगळ्यांच्या आधी पोचला होता. "दादाचं डोकं तुमी डाव्या हातावर घेतलं होतं," तो अडखळत म्हणाला. "उजवा हात... तवाच लोंबत होता. म्या पाह्यला होता. वैनी, त्या दिवशीच..."

"भाऊजी, चूप! तुमाले माझी आण आहे, चूप बसा!"

"त्याले चूप नको करू, जयवंते," म्हातारीचा आवाज आला. "आता मीच सांगते. तू वरडली होतीस, 'अहो, माझा खांदा गेला.' म्या आयकलं होतं."

जयवंतानं घसरलेला पदर पुन्हा खांद्यावर ओढला.

"वारा तुह्याकडून माह्याकडं होता. आयकलं, पण माणिक येईन हे ध्यानात आलं नाही. जवारी हालली, डुक्कर वाटलं, गुंडा सोडला. मंग तिथं येऊन तुले इचारलं, तुहा का माहा. काऊन इचारलं? मले ठाऊक होतं म्हणून इचारलं! तू 'माहा' म्हणलीस, अन् बुडत्यानं काडी धरावी तसं म्या ते धरलं. रोज तुले शिव्या दिल्या... एक दिवस गप्प राह्यली असती, तं मले माह्याच मनाचं आयकू आलं असतं. पण माय, मले वाटे, खांदा नुसता लचकला असन, हात तुहा दुःखानं लुळा पडला. तू सुटला खांदा तसाच ठेवला हे मले ठाऊक नव्हतं वं! आज घडीभर सोसलं तं मले माहा बाप आठवला. तू अकरा वर्सं... माह्यासाठी?"

लोकांना वाटेल, इथं दोघी गळ्यात पडल्या असतील. छे! जयवंता उठली, परसात गेली आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली. तिच्या आत जे पेटलं होतं ते दुःख नव्हतं, संताप होता. हिला ठाऊक होतं! मग मी कोणापासून झाकलं? तो खांदा, ती उशी, ते केस, ती तोंडं मुरडणारी माणसं... सारं कशासाठी? भिंतीला डोकं टेकून ती हमसून हमसून रडली, अकरा वर्षांचं रडली. आतून कुणी बोलावलं नाही.

बऱ्याच वेळानं आतून तांब्या पडल्याचा आवाज आला. झोळीतल्या हातानं म्हातारीला पाणी घेता येत नव्हतं. जयवंता क्षणभर तशीच बसली... मग उठली, आत गेली, तांब्या भरून डाव्या हातानं सासूच्या ओठांना लावला. म्हातारी पाणी प्याली.

दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर कौशल्याबाई म्हणाली, "मले वावरात ने."

धुऱ्यावर कापूस वेचणाऱ्या बायका होत्या, उद्धव होता. मचाणावर चढायची तिच्यात शक्ती नव्हती. मचाणाच्या खांबाला धरून ती उभी राहिली, आणि ज्वारीकडं तोंड करून अशी ओरडली, की बायकांच्या ओट्यांतला कापूस खाली सांडला.

"माणका! आयकून घे रे, बापा! गुंडा माहा होता! मावळतीकडून होता, माह्या हातचा होता! तुही बायको निर्दोष हाये... तिचा हात सोड, माह्या सोन्या! धरायचा तं माहा धर!"

बारा वाजले. ज्वारी निश्चल उभी होती. जयवंताचा खांदा नेहमी आवाजाच्या आधी ठणकायचा. ती ठणक्याची वाट पाहत राहिली. ठणका आला नाही. सन्‌सन् झालं नाही. नदीवरून राघूंचा थवा आला, वावरावर एक घिरटी घातली, आणि नेमका मधल्या त्या चार हातांच्या तुकड्यावर उतरला. अकरा वर्षं वाकलेली कणसं आणखी वाकली.

उद्धवनं सवयीनं गोफणीला हात घातला.

"राहू द्या, भाऊजी," जयवंता म्हणाली. "त्यांना खाऊ द्या आज."

"बरं, वैनी," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागला.

म्हातारी खांबाच्या बुडाशी बसली. "मले माफ कर, असं कोण्या तोंडानं म्हणू, जयवंते? खांदा तं मी परत देऊ शकत नाही."

"म्हणू नका," जयवंता म्हणाली. अजून तिच्या आवाजात कालचा राग थोडा शिल्लक होता, आणि तो तिनं लपवला नाही. पण ती सासूच्या पुढ्यात येऊन बसली, पाठ करून. नऊ वर्षांची असताना वेणीसाठी बसायची तशी. "केस सुटलेत."

कौशल्याबाईचा उजवा हात झोळीत, जयवंताचा उजवा हात मांडीवर. दोघींनी डावे हात लावले. एकीनं केस धरले, दुसरीनं पीळ दिला. निसटले, पुन्हा धरले. म्हातारीची आसवं सुनेच्या मानेवर पडत होती, आणि समोर राघू कलकल करत कणसं सोलत होते. शेवटी खोपा कसाबसा बसला, चांगला एका कानाकडं झुकलेला.

"वाकडा झाला वं," म्हातारी म्हणाली.

"राहू द्या," जयवंता म्हणाली, आणि तो खोपा तिनं रात्री निजतानासुद्धा सोडला नाही.